जे बदलता येत नाही, तिथून सुरुवात

ऊसतोड सुरू झाली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले रस्ते काट्याकडे वळतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा ही कारखान्यांची नावं इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतात. प्रत्येक गाडी काट्यावर दोनदा चढते, एकदा भरून आणि एकदा रिकामी. काट्याखालचे लोडसेल वजन मोजतात, केबिनमधल्या इंडिकेटरवर आकडा उमटतो, केबलमधून तो संगणकात जातो आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत पावती काढतो. वजनातल्या ‘काटामारी’वरून जिथे शेतकऱ्यांच्या सभा गाजल्या, तिथे त्या पावतीचं मोल वेगळं सांगायला नको.

अशा केबिनमधला संगणक दिसायला अगदी साधा असतो. वेगाची त्याला गरज नसते. सेकंदाला दोन-चार आकडे वाचायचे आणि पावती छापायची, एवढंच काम. त्याचा सगळ्यात महत्त्वाचा अवयव पाठीमागे असतो, नऊ पिनांचा सीरियल पोर्ट. आरएस-२३२ या नावाने ओळखला जाणारा हा नियम १९६० सालचा आहे. संगणकातलं बाकी सगळं चार वेळा बदललं, पण इंडिकेटर अजून याच नियमाने बोलतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेटची मुदतवाढ जाहीर केली, तीही काही अटींवर. त्यामुळे काट्यावरचा संगणक, दूध संकलन केंद्रातला, पतसंस्थेतला, फ्लेक्सच्या दुकानातला, लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओतला, सेवा केंद्रातला, असे सगळेच एका वेळी जुने ठरले. बारामतीत भिगवण रोडला किंवा इंदापूरच्या बाजारपेठेत संगणकाच्या दुकानात उभं राहिलं, की ठरलेला संवाद कानावर पडतो. ‘दादा, एवढी रॅम वाढवून द्या की.’ त्यावर समोरून प्रश्न येतो, ‘भाऊ, बोर्ड कोणता हाय?’ आणि गिऱ्हाईक गप्प होतं.

या लेखाचं म्हणणं त्या गप्प होण्याशी निगडित आहे. नवा डेस्कटॉप जोडताना किंवा जुन्यात भर घालताना आपण ‘कोणता प्रोसेसर घेऊ?’ इथून सुरू करतो. सुरुवात करायला हवी ती ‘माझ्याकडचं काय बदलता येणार नाही?’ इथून. उजनीच्या फुगवट्यावरून पाणी उचलणारा इंदापूरचा शेतकरी मोटर घेताना नेमकं हेच करतो. पाणी किती उंच चढवायचं, पाइपलाइन किती लांब आणि किती इंची, केबल कितीची, डीपीवर दाब किती, हे आधी. मोटरचा हॉर्सपॉवर त्यानंतर. दहाची मोटर घेऊन अडीच इंची पाइपाला जोडणाऱ्या माणसाचं गावात हसं होतं. संगणकाच्या दुकानात मात्र तोच शेतकरी, त्याचा पोरगा, सोसायटीचा सचिव, सगळे मोटरपासून सुरुवात करतात.

जुळतं ते कशामुळे

वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेले भाग बारामतीतल्या एका टेबलावर एकमेकांत बसतात, यामागे करार आहेत. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रं घडली आणि इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंगही घडली. एका गावात घडलेला भाग दुसऱ्या गावात घडलेल्या भागाला बसतो, कारण दोघांनी एकच रेखाचित्र मानलेलं असतं.

संगणकाचं असं रेखाचित्र बाजारात आलं ते १९८१ च्या ऑगस्टमध्ये. आयबीएमने आपला पीसी घाईने, बाहेरून मिळणारे भाग वापरून उभा केला आणि त्याची रचना बरीचशी खुली ठेवली. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकने त्याच्याशी जुळणारा संगणक जाहीर केला आणि ‘असेम्बल’ करणाऱ्यांचा धंदा जगभर उभा राहिला. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आकाराचा नियम आणला. बोर्डाचे स्क्रू कुठे, मागची पट्टी केवढी, वीज कोणत्या जोडणीतून येणार, हे त्यात ठरलं. म्हणूनच वीस वर्षांपूर्वीच्या चांगल्या कॅबिनेटमध्ये आजचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, २४४ मिलिमीटर लांब-रुंद, आजही बसतो.

मराठी मुलखात सुटे भाग जोडून मोठं काम उभं करण्याचं ठळक उदाहरण पुण्यातच आहे. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याचं इंजिन म्हणजे बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिप. त्या एकमेकींशी न अडखळता बोलतील अशी जुळवणी हे खरं कर्तृत्व होतं.

पण सगळेच करार एटीएक्सइतके दीर्घायुषी नसतात. काही दोन वर्षांत मोडतात, आणि गिऱ्हाईक फसतं ते तिथेच.

११५१ ची गोष्ट

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट. इंटेलच्या सॉकेटला पिनांच्या संख्येवरून नाव मिळतं. ११५५, ११५०, ११५१, १२००, १७००, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून १८५१. आकडा वेगळा असला तर प्रोसेसर बसतच नाही, निदान फसगत तरी होत नाही. घोळ होतो तो आकडा सारखा असतो तेव्हा.

२०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर ११५१ सॉकेट आलं. सातवी पिढीही त्यातच बसली. २०१७ च्या ऑक्टोबरात आठवी पिढी आली, सॉकेट पुन्हा ११५१. प्रोसेसर जुन्या एच११० बोर्डात खटकन बसतो, झाकण लागतं, पंखाही फिरतो, पण पडद्यावर काही येत नाही. पिना तितक्याच होत्या, पण त्यांतल्या काहींचं काम बदललं होतं आणि इंटेलने नव्या पिढीसाठी ३०० मालिकेचा चिपसेट सक्तीचा केला. हौशी लोकांनी बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, म्हणजे बायोसमध्ये, फेरफार करून, पिनांवर चिकटपट्टी लावून काही जुन्या बोर्डांवर ते चालवूनही दाखवलं. पतसंस्थेच्या संगणकावर मात्र असले प्रयोग करायचे नसतात.

ही जुनी हकीकत आज पुन्हा जिवंत झाली ती विंडोज ११ मुळे. त्याच्या अटींत टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी आहेत, ४ जीबी रॅम आहे. आणि इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. म्हणजे रेघ बरोबर त्या ११५१ च्या मधोमध पडली. ज्याच्याकडे आय५-७५०० आणि एच११० बोर्ड आहे, त्याचा संगणक टॅली, ब्राउझर, छपाई ही सगळी कामं आजही निवांत करतो. ‘फक्त प्रोसेसर आठव्या पिढीचा टाका’ अशी मागणी तो करतो, बाजारात सेकंड हँड प्रोसेसर मिळतोही, बोर्डावरच्या आणि प्रोसेसरच्या कागदावर ११५१ हाच आकडा असतो. तरीही जुळत नाही. त्याला बोर्ड बदलावाच लागतो.

एएमडीची वाट वेगळी. २०१७ मध्ये रायझनबरोबर घरोघर पोचलेलं एएम४ सॉकेट त्यांनी अनेक पिढ्या चालवलं. मे २०२० मध्ये त्यांनी सांगितलं, की येणारी रायझन ५००० मालिका बी४५० बोर्डांवर चालणार नाही. ग्राहकांनी आरडाओरडा केला आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. २०२२ मध्ये तर पहिल्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही दार उघडलं. म्हणजे २०१७ चा पहिल्या पिढीचा रायझन असलेला माणूस, बोर्डाच्या कंपनीने बायोस दिलं असेल तर, तोच बोर्ड, तीच डीडीआर४ रॅम ठेवून ५००० मालिकेचा प्रोसेसर टाकू शकतो आणि विंडोज ११ च्या यादीत येतो.

यातही दोन फासे आहेत. पहिला बायोसचा. जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच नवं बायोस भरायचं आणि मग प्रोसेसर बदलायचा. बायोसची चिप छोटी, बऱ्याच बोर्डांवर १६ एमबीची. त्यामुळे नव्या प्रोसेसरांची नोंद घालताना काही कंपन्यांनी जुन्यांची नोंद काढून टाकली. परतीची वाट बंद होऊ शकते. आणि ते भरत असताना वीज गेली तर बोर्ड ठार. ज्या वस्तीवर वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथे हे काम यूपीएस लावूनच करायचं, तेही त्याची बॅटरी आधी तपासून.

दुसरा फासा अक्षराचा. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड नसेल तर पडदा काळाच राहतो. एएमडीच्या ५००० मालिकेत उलटं; ५६०० ला ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे. हजार-दोन हजार वाचवायला एफ घेतलेला प्रोसेसर सोसायटीच्या कार्यालयात पोचतो आणि मग त्यासाठी कार्ड शोधत फिरावं लागतं.

आज नवा बोर्ड घेणाऱ्यांपुढे १७०० सॉकेट सर्रास येतं. बारावी, तेरावी, चौदावी अशा तिन्ही पिढ्या त्यात बसतात. पण एच६१० किंवा बी६६० बोर्ड गोदामात पडून राहिलेला असेल तर चौदावी पिढी ओळखायला त्याला नवं बायोस लागतं. आणि जुन्या संगणकावरचा चांगला कूलर काढून यावर बसवायचा म्हटलं तर भोकं जुळत नाहीत. पूर्वी दोन भोकांत ७५ मिलिमीटर अंतर होतं, १७०० ला ७८ आहे. तीन मिलिमीटरसाठी वेगळा ब्रॅकेट मागवावा लागतो.

रॅम, आणि तिचा भाव

डीडीआर३ च्या पट्टीला २४० पिना. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोघींना २८८, पण मधली खाच वेगळ्या जागी, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावून बसवणारे भेटतात. मग स्लॉट जातो. १७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, एका बोर्डावर बहुधा एकच प्रकार. नावात ‘डी४’ आहे की नाही एवढ्यावर सगळं अवलंबून. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर मात्र फक्त डीडीआर५.

जुन्या संगणकांत आणखी एक सापळा असतो. स्वस्तात मिळणारी ४ किंवा ८ जीबीची डीडीआर३ पट्टी, जिच्यावर किंवा जिच्या जाहिरातीत बारीक अक्षरात ‘एएमडीसाठी’ लिहिलेलं असतं. तिच्यावरच्या चिपची मांडणी इंटेलच्या जुन्या चिपसेटला ओळखता येत नाही. पट्टी खराब नसते, बोर्डही खराब नसतो, तरी संगणक चालू होत नाही आणि गिऱ्हाईक-दुकानदारांत वाद होतो.

दोन पट्ट्यांचे वेग वेगळे असले तर दोन्ही कमी वेगाने चालतात, तेवढं चालतं. पण एकच १६ जीबीची पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घेतल्या तर प्रोसेसरला दोन वाटा मिळतात, आणि अंगच्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या संगणकात तो फरक जाणवतो.

रॅम आज जपून निवडायला हवी याला बाजाराचंही कारण आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरीचे भाव असे उसळले, की काही महिन्यांत अनेक पट्ट्या दुपटीच्या पुढे गेल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभी राहणारी डेटा सेंटरं जगभरची मेमरी ओढून घेत होती. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने घरगुती ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँडच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. बारामतीत याला एक विचित्र किनार आहे. इथल्याच ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, तो देशभर गाजला. ज्या तंत्राने शेतात पाणी किती द्यायचं ते कळतं, त्याच तंत्राच्या भुकेने गावातल्या दुकानात रॅम महागली. अशा वेळी जुनी डीडीआर४ पट्टी वाचवता येईल असा बोर्ड निवडणं यात व्यवहार आहे.

पाठीमागचे पोर्ट

आता पुन्हा नऊ पिनांकडे. नव्या बोर्डांच्या मागच्या पट्टीवर सीरियल पोर्ट क्वचितच असतो. मात्र बऱ्याच साध्या बोर्डांवर आत ‘कॉम’ नावाची पिनांची जोडणी असते. तिला शे-दीडशे रुपयांची पट्टी लावली की मागे खरा पोर्ट मिळतो. बोर्ड घेताना त्याच्या माहितीपत्रकात ही जोडणी आहे का, एवढं पाहिलं तर निम्मं दुखणं टळतं.

ते न पाहता यूएसबी-टू-सीरियल केबल घेतली, की दुसरंच सुरू होतं. या केबलच्या टोकात एक चिप असते, बहुधा प्रोलिफिक किंवा एफटीडीआय कंपनीची, किंवा त्यांची नक्कल. २०१४ च्या ऑक्टोबरात विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरने नकली चिपांची ओळखच पुसून टाकली. जगभर चालती उपकरणं एका रात्रीत मुकी झाली. प्रोलिफिकच्या जुन्या पीएल२३०३ चिपला विंडोज ११ वर डिव्हाइस मॅनेजर सरळ सांगतो, की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे. केबल तीच, इंडिकेटर तोच, विंडोज १० वर काल चाललेला. आज आकडा येत नाही. ऐन हंगामात रांगेत उभ्या ट्रॅक्टरवाल्यांना हे समजावून कोण सांगणार? केबल घ्यायची तर चिपचं नाव विचारून घ्यावी आणि ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचंही तसंच. कार्बन लावून एका वेळी तीन प्रती काढायला ठोकणारा प्रिंटरच लागतो, लेझर ते करत नाही. जुन्या प्रिंटरला संगणकाच्या बाजूने पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्ट लागतो. बोर्डावर तो नसेल तर कार्ड टाकता येतं, पण जुनी सॉफ्टवेअर थेट ‘एलपीटी१’ च्या ठरलेल्या पत्त्यावर लिहितात आणि कार्डाचा पत्ता वेगळा निघतो. यूएसबीवाला नवा प्रिंटर घेतला तरी तीच अडचण दुसऱ्या रूपात उभी राहते.

आणि सगळ्यांत खाली सॉफ्टवेअर. सहकारी संस्थांत फॉक्सप्रोवर लिहिलेले डॉसचे प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चालले. ते बहुधा १६ बिटचे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि त्यात असे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. डॉसबॉक्ससारखी सोय करावी लागते. केंद्राने जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांची, ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, तेव्हापासून सोसायट्यांत हा प्रश्न हळूहळू सुटतो आहे. डीटीपीवाल्यांचा मात्र वेगळा. श्री-लिपीसारख्या मराठी पॅकेजचं हार्डवेअर लॉक, त्याच्याशी बांधलेले फॉन्ट, जुनं कोरलड्रॉ, आणि त्यात साठवलेल्या वीस वर्षांच्या लग्नपत्रिका. नव्या संगणकावर लॉक ओळखलं गेलं नाही तर सगळा संग्रह कुलपात. म्हणून प्रोसेसरचं नाव काढण्याआधी लॉक कोणतं आणि त्याचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजसाठी मिळतो का, याची चौकशी.

वॉटचा हिशोब

लग्नसराईत व्हिडिओ जोडणारा स्टुडिओ आणि निवडणुकीत रात्ररात्र जागणारा फ्लेक्सवाला, यांना मात्र ताकद लागते. त्यांची चूक बहुतेक वेळा विजेत होते. समजा, आरटीएक्स ३०६० कार्ड घेतलं. ते १७० वॉटपर्यंत खातं, आणि त्यासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, असावा अशी एनव्हिडियाची शिफारस आहे. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवरही ‘४५०’ किंवा ‘५००’ लिहिलेलं असतं. त्यावर विसंबायचं नाही. स्टिकरवर १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं आणि बाराने गुणायचं. १६ अँपिअर असतील तर १९२ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर प्रामुख्याने याच ओळीवर जगतात.

कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉटच मिळतात. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं तेवढ्यावर भागवतात, म्हणून जुन्या संगणकात ती खपली. त्याहून मोठ्या कार्डांना सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर लागते. प्रोसेसरची आठ पिनांची वायर वेगळी आणि कार्डाची वेगळी. दिसतात सारख्या, आतली जोडणी उलटी. सुट्या वायरींचा एसएमपीएस असेल तर एका कंपनीच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या डब्याला लावायच्या नाहीत. डब्याकडच्या टोकाला कोणताही सामायिक नियम नाही, आणि चूक झाली तर हार्ड डिस्कपासून सगळं जळू शकतं.

स्वस्त कार्ड जुन्या बोर्डात टाकताना आणखी एक बारकावा. रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी स्लॉटमधल्या सोळापैकी चारच वाटा वापरतं. बोर्ड पीसीआय एक्स्प्रेस ४.० चा असेल तर निभतं, ३.० च्या बोर्डात त्याच चार वाटांचा वेग निम्मा होतो आणि कार्ड चांगलंच मागे पडतं. साठवणीतही तसंच. एम.२ आकाराची एसएसडी दोन जातींची, साटा आणि एनव्हीएमई. स्लॉटमध्ये दोन्ही बसतात, पण प्रत्येक स्लॉट दोन्ही चालवत नाही. साटाचा वेग सेकंदाला साधारण साडेपाचशे एमबी, एनव्हीएमईचा त्याच्या कितीतरी पट. पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला साटानेही संगणक नवा वाटतो. फोटोंसाठी ४ टीबीची डिस्क घेतली आणि ती जुन्या एमबीआर पद्धतीने बांधली, तर दोन टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही.

बाहेरच्या विजेचा हिशोब तर आपल्याकडे सोडूनच दिला जातो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. कार्डाचे १७०, आय५-१२४०० चे जोरात असताना ११७, वर मॉनिटर आणि बाकीचं. वीज गेली की हा यूपीएस शिट्टी मारून बसतो. शिवाय चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी असतं, आणि स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या विजेशी त्यातल्या काहींचं पटत नाही. यूपीएस असूनही संगणक बंद पडतो. दोन चांगल्या वस्तू एकत्र आल्यावर वाईट वागतात, याचं हे नमुनेदार उदाहरण.

अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसच्या गाळणीतले कपॅसिटर पत्र्यावर सुमारे निम्मा दाब आणून ठेवतात, त्याला जमिनीची वाट न मिळाल्याचा तो परिणाम. काट्याच्या केबिनमध्ये याचं गांभीर्य वाढतं. इंडिकेटरची जमीन वेगळी, संगणकाची वेगळी, मधे सीरियल केबल. वळवाच्या विजा कडाडल्या की आधी पोर्ट जातो. मधे एक आयसोलेटर बसवणं बोर्ड बदलण्यापेक्षा फार स्वस्त.

जुनं घ्यावं का

मोठ्या कार्यालयांतून निघालेले डेल, एचपी, लेनोव्होचे रिफर्बिश्ड डेस्कटॉप आता तालुक्याच्या गावीही मिळतात. कार्यालयीन कामाला ते उत्तम. आठव्या पिढीचा असेल तर विंडोज ११ चीही चिंता नाही. पण हे संगणक एटीएक्सचा करार पाळतीलच असं नाही. अनेकांत एसएमपीएसची जोडणी कंपनीची खास असते, बोर्ड दुसऱ्या कॅबिनेटमध्ये बसत नाही, आणि बारीक अंगाच्या डब्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड मावतं. आहे तसा वापरायचा असेल तर घ्यावा. पुढे वाढवायचा विचार असेल तर असेम्बल केलेला बरा.

याच्या उलट टोकाला एच६१, एच८१ चिपसेटचे नव्याने बनवलेले बोर्ड. दुसऱ्या ते चौथ्या पिढीचे प्रोसेसर मुबलक आणि स्वस्त असल्याने हे बोर्ड अजून खपतात. संगणक शिकणाऱ्या मुलाला, लिनक्स टाकून, ते चालतील. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत मात्र ते येणार नाहीत. सहाव्या-सातव्या पिढीवाल्यांनीही घाईने भंगारात काढू नये; इंटरनेट न लागणाऱ्या किंवा लिनक्सवर भागणाऱ्या कामांना ते यंत्र पुरतं. आणि आठव्या पिढीच्या पुढचा संगणकही विंडोज ११ ला ‘चालत नाही’ म्हणाला, तर आधी बायोसमध्ये टीपीएम बंद आहे का बघावं. इंटेलमध्ये ते पीटीटी, एएमडीत एफटीपीएम या नावाने असतं. पुष्कळ वेळा एक खूण बदलली की खरेदीच टळते.

कागद आधी, दुकान नंतर

मग करायचं काय? दुकानात जाण्याआधी एक कागद घ्यावा. पहिल्या ओळीत संगणकाला बाहेरून काय काय जोडलंय आणि कोणत्या पोर्टने. दुसऱ्या ओळीत कोणतं सॉफ्टवेअर सोडता येणार नाही, त्याचं लॉक कसलं. तिसऱ्यात यूपीएसचे वॉट. चौथ्यात जुन्यातलं काय वाचवायचं. रॅम कोणती, एसएसडी कोणती, कॅबिनेट केवढं. मोबाइलवर मागच्या पट्टीचा आणि बोर्डावरच्या नावाचा फोटो. एवढं असलं की ‘बोर्ड कोणता हाय?’ ला उत्तर मिळतं आणि निवड आपोआप दोन-तीन बोर्डांवर येते. त्या बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, कोणतं बायोस लागेल तेही तिथे दिलेलं असतं. प्रोसेसर त्या यादीतून निवडायचा.

वेळही पाहावी. हंगाम चालू असताना काट्याच्या, मार्चअखेरीस पतसंस्थेच्या आणि लग्नसराईत स्टुडिओच्या संगणकाला हात लावू नये. नवा संगणक जुन्याशेजारी महिनाभर चालवावा, मग जुना हलवावा.

राहिला प्रश्न कुठून घ्यायचा. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन काही भाग स्वस्त पडतात, हे खरं. पण जुळला नाही तर बारामतीहून शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब परत जायचं. गावातला दुकानदार शे-पाचशे जास्त घेतो तेव्हा तो सुट्या भागापेक्षा जुळवणीचे घेत असतो. म्हणून त्याच्याकडून जुळवणीचीच हमी घ्यावी: बिलावर प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सिरियल नंबर, आणि खाली एक ओळ, की हा संगणक आमच्या प्रिंटरला, आमच्या लॉकला, आमच्या यूपीएसवर चालवून दाखवला जाईल आणि न चालल्यास भाग बदलून दिला जाईल. जो दुकानदार ही ओळ लिहायला तयार होतो, त्याच्याशी भावावरून घासाघीस करू नये.